महाडच्या मिस्त्रींनी बुटकी केलेली गाडी

आम्ही दोघं एकाच सकाळी, एकाच घरातून, एकाच गावाला निघालो. नवरा मोटरसायकलवरून आणि मी एस्टीतून. भांडण वगैरे काही झालं नव्हतं. मी त्या मोटरसायकलवर बसत नव्हते, एवढंच.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं ही. माझा नवरा वसंत पुण्यात एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होता आणि मी एका कचेरीत टायपिस्ट. त्याच्या कारखान्यात आलेल्या एका परदेशी इंजिनियरने मायदेशी जाताना आपली मोटरसायकल वसंताला विकली. माती, ओढा, डांबर, कुठेही चालेल अशी ती गाडी होती. उंच, सडपातळ, पुढचं चाक एकवीस इंची आणि टायरवर रबराचे जाड गट्टे. वसंत जवळपास सहा फूट, त्याला ती शोभायची. मी पाच फूट एक इंच. मला मागे चढायला ओटा नाहीतर कठडा शोधावा लागे. तरी तीन वर्षं आम्ही सुट्टी मिळाली की तिच्यावरून भटकलो आणि त्या तीन वर्षांइतकी मी क्वचितच हसले असेन.

मग आदल्या वर्षी वरंधा घाटात, एका ओल्या वळणावर ते गट्टे डांबरावरून सरकले. वसंताचा गुडघा सोलवटला, माझं मनगट मोडलं. हाड दीड महिन्यात जुळलं, पण मी पुन्हा गाडीवर बसले नाही. वर्षभर आम्ही कुठेच गेलो नाही. रविवारी दोघं घरात बसून एकच वर्तमानपत्र दोनदा वाचायचो. शेवटी एके दिवशी वसंत म्हणाला, "तू बसणार नसशील, तर मला एकट्याला ती गाडी नको." साताऱ्याचे एक गृहस्थ सोमवारी संध्याकाळी गाडी बघायला येणार असं ठरलं. त्याआधी एकच उपाय करून बघायचा होता. गाडी डांबरासाठी बदलून घ्यायची. पुढचं चाक लहान, दोन्हीकडे साध्या रस्त्याचे टायर, आणि उंची कमी. तसंही त्या एकवीस इंची चाकाचा टायर झिजला होता आणि तसला दुसरा आपल्याकडे कुठेच मिळत नव्हता. हल्ली याला सुपरमोटो म्हणतात, असं गेल्या महिन्यात माझ्या प्रवासलेखांच्या एका वाचकाने मला कळवलं. आम्ही याला गाडी बसकी करणं म्हणत होतो.

पुण्यातले मेकॅनिक परदेशी गाडी बघितली की हात वर करायचे. कारखान्यातल्या एका टर्नरने महाडच्या आपल्या मेहुण्याचं नाव सुचवलं. शुक्रवार ते सोमवार अशी रजा टाकली. मी कबूल केलं होतं ते एवढंच, की जाताना एस्टीने जाईन आणि येताना बघू.

भोरमार्गे महाडची एस्टी पकडलीत तर डाव्या खिडकीसाठी धडपडू नका. घाट उतरताना कधी दरी इकडे येते, कधी तिकडे, सगळ्यांना सारखाच वाटा मिळतो. फेब्रुवारी होता. डोंगर वाळून तांबूस झाले होते. वाघजाईच्या देवळापाशी एस्टी थांबली, तिथे कांदाभजी खाल्ली. ती खाताना पिशवी मांडीखाली ठेवा, माकडांना तुमच्यापेक्षा जास्त भूक असते. घाट चढताना वसंताने आमच्या एस्टीला मागे टाकलं होतं. दोन नवे टायर गळ्यात, पाठीला लोखंडी रिम बांधलेली. कंडक्टर खिडकीतून बघून म्हणाला, "कोन येडा हाय हा, टायरांचा हार घालून चाललाय?" पुढच्या बाकावरची बाई हसली. मीही हसले. त्याच्याशी नातं सांगायची माझी तेव्हा तयारी नव्हती.

उतारावर मात्र एस्टीने वसंताला गाठलं आणि मागे टाकलं. मला वाटलं, ओझं जास्त झालं असेल. ते वळण आलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

महाड स्टँडच्या समोरच त्या मेहुण्यांचं, तांबे मिस्त्रींचं, वर्कशॉप होतं. एक लेथ, एक वेल्डिंगचं यंत्र, बाहेर पत्र्याची सावली. मिस्त्री पन्नाशीचे, बारीक, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. मुंबईत पंधरा-वीस वर्षं टर्नरचं काम करून ते गावी परतले होते. मी एस्टीतून उतरून पत्ता विचारतच होते तोवर वसंतही येऊन पोचला.

मिस्त्रींनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या. पुढच्या चाकाच्या मधल्या हबची भोकं मोजली. मग वसंताने पुण्याहून पाठीला बांधून आणलेली रिम हातात घेऊन तिचीही मोजली.

"साहेब, हबाला छत्तीस हायत. रिमला चाळीस."

कारखान्यात केसाएवढा फरक चालत नाही म्हणून सगळ्यांना ऐकवणारा माझा ड्राफ्ट्समन नवरा ती रिम हातात फिरवत राहिला. भोकं त्याने मोजलीच नव्हती. जितकी भोकं हबला, तितकीच रिमला लागतात, नाहीतर तारा ओवणार कशा? छत्तीस भोकांची अठरा इंची रिम महाडला मिळेना. मुंबईलाच जावं लागणार होतं. शनिवारी पहाटेच्या एस्टीने जायचं आणि रविवारी सकाळी परत यायचं असं ठरलं. निघताना वसंताने मिस्त्रींना एवढंच सांगितलं, "बाकीचं काम तुम्हाला योग्य वाटेल तसं करा. फक्त बायकोला भीती वाटणार नाही, अशी गाडी करून द्या."

मिस्त्रींनी मान हलवली.

माझी सोय त्यांनी तुडीलला आपल्या घरी केली. मी लॉज बघते म्हणाले तर म्हणाले, "लॉजवर एकट्या बाईनं कशाला ऱ्हायचं? घरात मानसं हायत." सावित्रीच्या काठाने जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं कौलारू घर होतं, ओटीवर बुद्धाची तसबीर आणि खाली मोगऱ्याची दोन फुलं. त्यांच्या पत्नी सुमनबाई गावच्या शाळेत शिकवायच्या. दारात पाऊल टाकलं तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि मग विचारलं, "आमच्यात जेवाल ना?" हा प्रश्न त्यांना विचारावा लागतो, याची मला लाज वाटली. "पोटभर जेवेन," मी म्हणाले, आणि तसंच केलं. तांदळाची भाकरी, कडव्या वालाची आमटी, सुकट. त्या भागात जाल तर हॉटेलांच्या पाट्या वाचत बसू नका. कुणी घरी बोलावलं तर जा.

शनिवारी दिवसभर मी वर्कशॉपमध्ये. दुपारी चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर तासभर बसून आले, तेवढाच विसावा. मिस्त्रींनी मागच्या शॉकअपची वरची पकड आणखी वर घेतली, पुढचं चाक धरणारे दांडे, म्हणजे फोर्क, वर सरकवले, सीट फाडून आतला फोम कापला. आणि दर थोड्या वेळाने मला हाक.

"ताई, जरा बसा. पाय टेकतात का बघू."

मी बसायची. टाचा अधांतरी. "उतरा." पुन्हा फोम कापायचा. "बसा." असं पाच-सहा वेळा झालं. उभ्या गाडीवर बसायला मी घाबरत नव्हते, शिवाय वसंत नसल्यामुळे माप घ्यायला दुसरं कुणी नसावं, अशी मी समजूत करून घेतली. संध्याकाळी माझी दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकली तेव्हा मिस्त्री म्हणाले, "झालं." मला हँडल धरायला लावून त्यांनी तेही थोडं मागे वळवलं.

रविवारी सकाळी वसंत रिम घेऊन आला. या वेळी त्याने भोकं तीनदा मोजली होती. मग जे काम मी पाहिलं त्यासाठी तरी मला त्या प्रवासाचे आभार मानले पाहिजेत. चाक लहान म्हणजे जुन्या तारा लांब. छत्तीसच्या छत्तीस तारा मिस्त्रींनी कापल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला नव्याने आटे पाडले. मग हब मध्ये ठेवून एकेक तार ओवली. चाक फिरवायचं, खडू स्थिर धरायचा, जिथे खडूची रेघ उमटेल तिथे रिम वाकडी, म्हणून तिथली तार आवळायची आणि समोरची सैल करायची. याला चाकाचा आऊट काढणं म्हणतात. मिस्त्री तारांवर पान्याने हलकेच टिचक्या मारत आणि कान देऊन ऐकत. दोन तास गेले. शेवटी चाक फिरलं आणि खडू कुठेच लागला नाही.

दुपारी गाडी उभी राहिली तेव्हा ओळखू येईना. पुढचं चाक लहान, टायर गुळगुळीत, पाठ बसकी. वसंत आनंदाने बसला आणि त्याचे गुडघे थेट हँडलला टेकले.

"मिस्त्री, माप कुणाचं घेतलंत?"

"ताईंचं."

"पण चालवणार मी आहे."

"तुम्ही म्हनलात, बायकोला भीती वाटनार नाय अशी करा. मग बायकोचंच माप घेनार ना."

वसंत माझ्याकडे बघायला लागला. मला हसू आवरेना, आणि रागही आला. तीन दिवस गेले, रजा गेली, आणि गाडी नवऱ्याला होत नाही. पुन्हा उंच करायला आणखी एक दिवस लागला असता आणि सोमवारी संध्याकाळी तर गिऱ्हाईक दारात. "चालवता येईल," वसंत पडलेल्या आवाजात म्हणाला. मिस्त्रींनी त्यावर काही वाद घातला नाही. फक्त मला विचारलं, "ताई, तुम्ही काही चालवता का पुण्यात?"

"मोपेड."

"मग जरा तुडीलच्या रस्त्यावर मारून बघा. रिकामाच असतो."

मागे बसायचं नव्हतं आणि रस्ता सपाट होता, म्हणून मी तयार झाले. मिस्त्रींनी गाडी तुडीलला आणली. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला कापणी झालेली भाताची शेतं, मध्ये सरळ रस्ता. वसंत रात्रभराच्या एस्टीने शिणून ओटीवर झोपला होता. क्लच सोडताना गाडी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा चालली. दुसऱ्या गिअरमध्ये पोचले तेव्हा सुमनबाई पदर खोचून रस्त्यात उभ्या. "थांब गो बाय, मी बसतंय मागं."

"अहो, मी पाडेन तुम्हाला."

"पडलं तर भात कापलेलाच हाय. काटे नायत."

त्या एका बाजूला पाय सोडून बसल्या, माझी कंबर धरली आणि गावापर्यंत मोठमोठ्याने हसत आल्या. या बाईने मला दोन दिवसांपूर्वी पहिल्यांदा पाहिलं होतं. माझ्या हाती स्वतःला असं सोपवून देणारी ती पहिलीच, आणि तिचं ऋण मला अजून फेडता आलेलं नाही.

सोमवारी सकाळी निघालो. चालवणार वसंत, मी मागे, असंच ठरलं होतं. तुडीलचा रस्ता वेगळा आणि घाट वेगळा. मिस्त्रींना आम्ही कामाचे पैसे दिले, पण मी नीट आभारही मानले नाहीत. मनात हेच, की चांगला माणूस, पण चूक करून बसला.

महाड ते पोलादपूर हमरस्ता आहे, ट्रकांची वर्दळ असते, सकाळी लवकर काढलेला बरा. मी वसंताचा शर्ट मुठीत आवळून डोळे मिटून बसले होते. पुढचं चाक लहान झाल्यामुळे स्पीडोमीटरचा काटा खोटं बोलत होता. पन्नासला साठ दाखवायचा, मध्येच डोळे उघडून तो बघितला की माझा जीव आणखी वर.

पोलादपूर स्टँडला चहासाठी थांबलो. वसंताने गाडी साइड स्टँडवर लावली आणि आम्ही पाठ फिरवली. धाडकन आवाज. गाडी पलीकडच्या बाजूला आडवी. पुन्हा उभी केली, पुन्हा ती पलीकडे झुकायला लागली. चहावाल्याच्या लक्षात आमच्या आधी आलं.

"पाव्हनं, गाडी बुटकी केलीत, पन स्टँड तेवढाच ठेवलात. तो आता काठीसारखा ढकलतोय तिला."

अगदी खरं होतं. सगळं कापलं होतं, स्टँड तेवढा राहिला होता. "मग काय करू?" वसंताने विचारलं. "खड्डा बघून त्यात स्टँड टेकवा," तो म्हणाला. "आमच्याकडं खड्ड्यांना तोटा नाय." वडा-उसळ खाईपर्यंत गाडी एस्टी स्टँडासमोरच्या एका खड्ड्यात आपला स्टँड टेकवून शांत उभी होती. उसळ चांगली होती, तिखट होती, आणि चहा दोनदा घेतला.

पोलादपूरहून महाबळेश्वरचा रस्ता कापड्यावरून आंबेनळी घाटात जातो. चाळीसेक किलोमीटर. पेट्रोल पोलादपूरलाच भरून घ्या, वर काही मिळत नाही. कापड्यापर्यंत रस्ता सपाट, शेतांत पावटा फुलला होता. कापडे मागे पडलं, चढ सुरू झाला, आणि पहिल्याच अवघड वळणावर वसंताने हँडल वळवलं ते त्याच्याच गुडघ्याला अडलं. गाडी वळायच्या ऐवजी कठड्याकडे निघाली. त्याने ब्रेक दाबला. आम्ही थांबलो तेव्हा कठडा हातभर अंतरावर होता.

खाली उतरलो. वसंताच्या कपाळावर घाम होता.

"परत जाऊ," तो म्हणाला. "गाडी मिस्त्रींकडे टाकू आणि एस्टीने घरी जाऊ. त्या माणसाला म्हणू, महाडहून घेऊन जा. बास झालं हे."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मला दिसायला लागले ते आमचे पुढचे सगळे रविवार. तेच वर्तमानपत्र, दोनदा. मी गाडीजवळ गेले, सीटवर बसले. दोन्ही पावलं घाटाच्या डांबरावर सपाट टेकली.

"मागे बस," मी म्हणाले.

"सुनी, हा घाट आहे."

"मला दिसतोय."

तो बसला. दुसरा काही मार्गही नव्हता. मी पहिल्या गिअरमध्ये निघाले आणि पहिली दोन वळणं बैलगाडीच्या वेगाने घेतली. मागून एका ट्रकने हॉर्न वाजवला, त्याला हात करून पुढे जाऊ दिलं. तिसऱ्या वळणापाशी माझ्या लक्षात आलं की माझे डोळे उघडे आहेत. भीती वाटत होती, पण वळण कधी येणार, किती येणार, गाडी कधी झुकणार, हे आता मला आधी कळत होतं. हात कामात होते, पाय कामात होते. मागे बसून वर्षभर जे मनात घोळवत होते, त्याला आता वेळच नव्हता. नवे टायर डांबराला धरून चालले होते. घाटाच्या मध्यावर मी दुसऱ्या गिअरमध्ये होते आणि खालची दरी चक्क बघत होते.

मागे मात्र वसंत प्रत्येक वळणावर माझा खांदा घट्ट धरी आणि नसलेल्या ब्रेकवर पाय दाबी. मला ते पायाच्या हिसक्यावरून कळे. वर, प्रतापगडाकडे फाटा फुटतो तिथे, एक खड्डा बघून गाडी लावली. वसंत दगडावर बसला.

"तुला सांगितलं नाही," तो म्हणाला. "पडलो त्या दिवसापासून मलाही वळणावर धडकी भरते. वर्ष झालं. वाटायचं, तू मागे येऊन बसलीस तर जाईल."

मी त्याच्या शेजारी बसले. "मग मला एस्टीत बसवून तू एकटा तो घाट उतरून कशाला आलास?"

"कुणीतरी गाडी आणायला नको?"

मला रडू आलं आणि त्याचंही नाक लाल झालं. एक टॅक्सीवाला थांबून विचारून गेला, गाडी बिघडली का. आम्ही नाही म्हणालो.

महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी घेतली, वाईला जेवलो, पसरणी आणि खंबाटकी घाटांतही गाडी मीच चालवली. पाचच्या सुमाराला पुण्यात आलो तेव्हा साताऱ्याचे गृहस्थ आमच्या दारात उभे होते. बाई चालवतेय आणि पुरुष मागे, हे बघून ते जरा बाजूला सरकले. मग वसंताला म्हणाले, "हीच ना गाडी? बोला."

वसंत म्हणाला, "गाडी यांची आहे. यांना विचारा."

मी नाही म्हणाले. त्यांना चहा मात्र दिला.

महिन्याभराने आम्ही पुन्हा महाडला गेलो, या वेळी वरंध्यातून, मी पुढे आणि वसंत मागे. आभार राहिले होते. मिस्त्रींनी आधी चाक फिरवून पाहिलं, चार तारा आवळल्या, मग स्टँड कापून दिला आणि कान पकडले. "ही चूक माझी. ध्यानात नाय आलं."

"आणि माप?" मी विचारलं. "ती पण चूकच होती ना? पण फार बरं झालं, मिस्त्री. तुम्ही चुकला नसतात तर आज गाडी साताऱ्याला असती."

वसंत समोर टपरीवर चहा सांगायला गेला होता. मिस्त्रींनी तिकडे एकदा बघून घेतलं.

"माप चुकलं नव्हतं, ताई. त्या शुक्रवारी साहेब घाट उतरून आले. गाडी बंद केली तरी त्यांना हँडलवरचे हात सोडता येईनात. बोटं कापत व्हती. तुम्ही बाजूलाच उभ्या व्हतात. तुमचे हात शांत व्हते. मग माप कुनाचं घ्यायचं?"

ती गाडी पुढे अकरा वर्षं माझ्याकडे होती, सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा गेली. त्या दिवसांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. मिस्त्री आणि सुमनबाई दोघंही आता नाहीत. आज दुपारी स्वयंपाकघरात बसून मी हे लिहितेय, वसंत समोर शेंगा सोलतोय आणि मी त्याच्या बोटांकडे बघतेय. त्या वर्षी आम्ही दोघं रोज असेच समोरासमोर बसून जेवत होतो, आणि त्याचे हात कापतात हे मला कळायला महाडचा एक परका माणूस लागला.